रुळावरचं तेल

७ जाने., मंगळ.
आरती पडली. आपल्या किराणा दुकानासमोरच. साखर कारखाना बंद पडून जमाना झाला, पण त्याच्या उसाच्या ट्रॉलीचे रूळ पेठेच्या रस्त्यात तसेच. सायकलचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं. डावा हात मोडला. नगरला नेऊन प्लास्टर. पोरगी रडली नाही, मीच रडलो.

११ जाने., शनि.
पोरगी पडली तिथे तिच्या आईने, मंदाने, रुळावर तेल ओतलं. "लोखंड शनीचं असतंय. कोप हाय तिथं." तेल आपल्याच दुकानातलं. म्हटलं, अगं, खाच बुजवायची सोडून तेल काय पाजतेस? "तुमी गप बसा."

१८ जाने., शनि.
आता पेठेतल्या आणखी बायका, वाटी वाटी घेऊन. दुपारी दूधवाले रफिकभाई त्याच तेलावर सायकलसकट आडवे. गुडघा फुटला. "शेठ, रूळ सरळ आडवा वलांडला हुता, तरी गेलो." बायका म्हणतात, बघा, कोप अजून उतरला न्हाई. पुढच्या शनिवारी दुप्पट तेल! हसावं की डोकं आपटून घ्यावं?

२७ जाने., सोम.
परवा तेल संपलं म्हणून सांगितलं. समोरच्या दुकानातून नेलं. काल पहाटे राख टाकून रूळ पुसला, तेव्हापासून मंदाचा अबोला. आज नगरपालिकेत गेलो. साहेब म्हणे, रूळ कारखान्याचे, तिकडे विचारा. तिकडे कुलूप.

१४ फेब्रु., शुक्र.
प्लास्टर निघालं. हाताची पार काडी झालीय. संध्याकाळी मैदानावर आरतीला शिकवलं. रूळ तिरका धरायचा नाही, सरळ आडवा ओलांडायचा. रुळावर ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही. ओला दिसला की खाली उतरायचं. हो हो म्हणाली.

१६ फेब्रु., रवि.
राख घेऊन निघालो तर मंदाने हात धरला. "काल पोरीनं सोताच्या हातानं तेल घातलंय. तिचा नवस मोडताय व्हय?" परत फिरलो. भांडायचं त्राणच उरलं नाही.

१७ फेब्रु., सोम.
आजपासून पुन्हा सायकलवर शाळा. म्हटलं, रूळ अजून चकाकतोय, उतरून हातात धरून ने. "पप्पा, मी तेल घातलंय ना? आता काय न्हाई हुत."
उतरली नाही. ब्रेकसुद्धा दाबला नाही, भुर्रकन गेली. नीट गेली.
मंदा सकाळपासून गिऱ्हाइकांना सांगतेय, तेलानं राखली. मला आता जास्तच भीती वाटते. पाच वाजता शाळा सुटेल. याच रस्त्याने परत येईल.