बांधावरची चिंच

आत्याबाई, तुमची सून अक्षरं शिकली. थोरल्या लेकाची पोरगी महाराजांच्या शाळेत जाते, तिच्या पाटीवर मीही गिरवते. बोटं दुखतात. हे धाडायचं कुठं, अन् तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं? तरी लिहिते. दुसऱ्या कुणाला हे ठाऊकच नाही.

गाठीच्या तापाच्या साली कोल्हापूर सोडून आपण उचगावच्या आपल्या रानात खोप घातली होती. धनी शहरात घर राखायला राहिले. माझी धाकटी सकाळी चिंचोक्यांनी खेळत होती, दुसऱ्या सकाळी गेली. मी हंबरडा फोडणार, तोच तुम्ही माझ्या तोंडात पदर कोंबलात. "गप की! तपासायची माणसं ऐकतील, थोरल्याला छावणीत नेतील." बांधाला खड्डा आपण दोघींनीच काढला. तिची मूठ मिटलेली. मी उघडायला गेले, तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे. तिचा डाव हाय त्यो." कुणाला दिसू नये म्हणून वर माती सारखी केली. मग मला म्हणालात, "चूल पेटव. धूर दिसला न्हाई तर लोक इचारत येतील." मी भाकरी थापते आहे. तुम्ही जाळ सारता आहात. थोरला जेवतो आहे.

धनी आले. त्यांनी जागा विचारली नाही, मी सांगितली नाही. पावसाळ्यात तिथं चिंचेचा कोंभ आला. तुम्ही तेवढा सोडून खुरपत राहिलात. पुढं तुम्ही गेलात तेव्हाही मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, सून दगड आहे. असेल.

परवा एक तेली घाण्यासाठी खोड मागायला आला. धनी म्हणाले, "तोडूया. सावलीत जोंधळा येत न्हाई."

"हात लावायचा न्हाई."

"का गं? भुतं सांभाळतीस व्हय?"

सांगायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "आमटीला चिंच तुमचा बा आणून देणार हाय?" तेली हसत सुटला. धनीही हसले. झाड राहिलं.

त्या झाडाची चिंच तुम्ही कधी तोंडात घातली नाहीत, मीही नाही. विकत आणत होतो. पण बोलले ते खरं करायला हवं, नाहीतर धनी पुन्हा विचारतील. काल तिथलीच कोळून आमटीत घातली. धन्यांनी दोनदा मागून घेतली.

मीही पोटभर जेवले, आत्याबाई.