गुरुवार, दोन ते पाच

प्रिय सर्व्हरबाई,

हे नाव तुला कधीच आवडलं नाही, ठाऊक आहे मला. पण दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात केली असती तर हे पत्र पत्तेवालीनेच लिहिलंय ना, अशा शंकेने तू पाकीट उलटसुलट करून पाहिलं असतंस. मीच लिहिते आहे. फोन सोडून कागदावर का लिहिते आहे, ते सांगायचंच आहे, पण लगेच नाही जमणार. आधी बातमी देते. आपला सर्व्हर बदलतोय. तो कपाटाएवढा, घोरणारा जुना धटिंगण आता रिटायर होणार आणि त्याच्या जागी बुटांच्या खोक्याएवढा नवा आलाय. सगळ्यांचं सामाईक कॅलेंडर, संपर्कयादी आणि ज्ञान लिहून ठेवायची आपली विकी, अशी तिन्ही उचलून त्या खोक्यात घालायचं काम माझ्याकडे आहे. बसवायला जे इंजिनिअर आलेत ते दिवसभरात चार शब्द बोलतात, त्यातले दोन ‘हं’ असतात. आम्ही त्यांना मौनीबुवा म्हणतो. सोमवारी सकाळी नऊ वाजता नवीन यंत्रणा सुरू होईल.

तू गेल्यावर सर्व्हरची किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा मला किती आनंद झाला होता, ते आज सांगूनच टाकते. तू यायच्या आधी सात वर्षं मी त्या ऑफिसात होते. शहरातल्या कुठल्या इमारतीत आपली लिफ्ट आहे, तिथला वॉचमन कोण, मशीनरूमची किल्ली कोणाकडे, हे सगळं माझ्या चार जाडजूड रजिस्टरांत होतं आणि त्याहून जास्त माझ्या डोक्यात. मला चेहरे आठवत नाहीत, पण एकदा लावलेला नंबर मी विसरत नाही. लिफ्ट मधेच अडकली की मेकॅनिक आधी मला फोन करायचा. तू आलीस आणि तीन आठवड्यांत माझी चारही रजिस्टरं संगणकावर चढवून सगळ्यांच्या फोनमध्ये नेऊन बसवलीस. ‘एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं,’ हे तू त्या दिवशी टेबलावर बसून, पाय हलवत सांगितलं होतंस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जेवणाचा डबा मात्र तसाच घरी नेला. दुसऱ्या दिवसापासून मेकॅनिकचे फोन यायचे बंद झाले.

मग तुझी विकी आली. फोरमनकाका साधा रजेचा अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, पण तू गोड बोलून त्यांच्याकडून अकरा पानं लिहून घेतलीस. दार अर्धंच उघडत असेल तर काय बघायचं, दोरातून आवाज येत असेल तर कुठे कान लावायचा, सगळं आलं त्यात. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘शेवटचा बदल: सर्व्हरबाई’. परवा मी पानं मोजली. चारशे बारा पानं आहेत, त्यांतल्या तीनशे नऊ पानांवर तू आहेस. सोडून गेलेल्यांची खाती नव्या सर्व्हरवर नेता येत नाहीत, म्हणून अशा प्रत्येक पानासाठी नव्या मालकाचं नाव भरायचं होतं. दाराच्या सेन्सरवरचं तुझं ते सुंदर पान आहे ना, त्याच्यापुढे मी माझं नाव टाकलं. दोन मिनिटं बघत बसले. दुसऱ्याची चप्पल घालून निघाल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून खोडलं. सगळीकडे ‘ऑफिस’ असं भरून टाकलं आणि ‘मूळ लेखन’ या रकान्यात तुझं नाव राहू दिलं. मोठं मन वगैरे नाही हं. मौनीबुवा मागे उभे होते.

आता गुरुवारविषयी. तुला आठवतं ना, आमच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी? दर गुरुवारी दुपारी त्यांना फिजिओथेरपीला न्यावं लागायचं. सेंटरची तीच एक वेळ मोकळी होती, आणि न्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी कोणाला काही बोलले नाही. रजा मागायला गेलं की मोठे साहेब आधी घड्याळाकडे बघतात, मग आपल्याकडे. पहिल्या दोन गुरुवारी पोटदुखीचं कारण सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी काय सांगायचं याची चिंता करत होते, तेवढ्यात कॅलेंडरवर सगळ्यांसाठी तुझी सूचना झळकली: गुरुवार, दोन ते पाच, सर्व्हरची देखभाल, यंत्रणा बंद राहील, बैठका ठेवू नयेत. मला वाटलं, चला, देव पावला. यंत्रणाच बंद, म्हणजे माझ्या यादीला कोणी हात लावणार नाही आणि मला कोणी शोधणार नाही. पावणेदोनला मी मागच्या जिन्याने सटकायचे. चार वर्षं, बाबा होते तोवर.

आणि त्या चार वर्षांत गुरुवारसाठीही मी तुझ्यावर जळले. सगळे म्हणायचे, बघा, दर आठवड्याला तीन तास सर्व्हरच्या खोलीतल्या त्या गारठ्यात बसते, म्हणून आपलं सगळं नीट चालतं. इकडे मी बाबांचं जड झालेलं शरीर खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत असायचे, त्याचं कौतुक करायला कोण होतं? बाबासुद्धा तुझेच. त्यांच्या फोनमध्ये व्यायामाची आठवण लावून द्यायला तू दुसऱ्याच आठवड्यात घरी आलीस, तासभर त्यांच्याशी गप्पा मारल्यास, आणि त्यानंतर ते रोज मला ऐकवायचे, ‘त्या पोरीकडून शीक काहीतरी.’ जीभ जड झाली होती, तरी हे वाक्य मात्र स्पष्ट यायचं.

तू गेलीस तेव्हा माझ्यासाठी विकीवर एक पान लिहून ठेवलं होतंस. कुठलं बटण कधी, कुठला पासवर्ड कुठे. त्यात एक ओळ होती: ‘गुरुवारी दोन ते पाच बंद ठेवतो. वाटलं तर यंत्रणा चालू ठेव.’ मी कशाला चालू ठेवतेय? जे तुला जमतं ते मलाही जमतं, हे दाखवायचं होतं ना. दीड वर्ष, दर गुरुवारी दोनला मी यंत्रणा बंद करायचे, खुंटीवरचा तुझाच जुना स्वेटर चढवायचे आणि तुझ्या त्या एक हात मोडलेल्या खुर्चीत बसायचे. नक्की काय करायचं ते मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटायची. धूळ पुसायचे, वायरी मोजायचे, पाचला बाहेर येऊन दमल्यासारखं दाखवायचे. सगळे म्हणायचे, पत्तेवालीनेही छान सांभाळलं हो. मी फुगायचे.

मंगळवारी मौनीबुवांनी सगळ्या नोंदी तपासल्या आणि चक्क एक अख्खं वाक्य बोलले. म्हणाले, ‘बाई, गुरुवारी तुम्ही लोक करता काय?’ मी म्हटलं, देखभाल. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. साडेपाच वर्षांच्या नोंदी होत्या. दोन वाजता बंद, पाच वाजता चालू. मधे काहीच नाही. तुझ्या काळातही नाही आणि माझ्या काळातही नाही. ‘याची कधी गरजच नव्हती,’ असं म्हणून ते पुन्हा वायरींकडे वळले.

मला आधी काय झालं असेल तर आनंद. खोटं नाही बोलत. सर्व्हरबाई फुकटचे तीन तास आराम करत होत्या, सापडल्या एकदाच्या. पुरावाच शोधायचा म्हणून मी कॅलेंडरमधली ती मूळ नोंद उघडली. तुझ्या नोंदींच्या खासगी टिपा इतकी वर्षं फक्त तुलाच दिसायच्या, आता हलवाहलवीसाठी सगळी कुलपं माझ्यासाठी उघडली होती. त्यात तू लिहिलं होतंस: ‘तिच्या बाबांना शब्द दिलाय. तिला रजा मागायला लाज वाटते आणि उपकार घ्यायचे तर त्याहून जास्त. म्हणून सगळ्यांचंच बंद. तिला कळू द्यायचं नाही.’

खुर्चीशेजारच्या टेबलाच्या खालच्या खणात मग मला एक चळतही मिळाली. माझ्या संपर्कयादीच्या छापील प्रती, दर महिन्याची एक, आणि समासात तुझ्या पेन्सिलीने गुरुवारच्या दुपारी आलेले फोन: अमक्या मेकॅनिकला अमक्या वॉचमनचा नंबर सांगितला, तमक्याला किल्लीवाल्याचा. यंत्रणा बंद, म्हणून पत्ते विचारायला तुला फोन यायचे. तू तीन तास त्या खोलीत बसून माझं काम करत होतीस. आणि बाबा, ज्यांनी मला कधी सांगितलं नाही की पोरी तुझी ओढाताण मला दिसते, ते तुला सांगून बसले होते. मी रडले, तेही तुझ्याच स्वेटरच्या बाहीत. पण रडताना मनात काय होतं सांगू? की बघा, चांगुलपणातसुद्धा हीच पुढे. मला एवढंही हिच्याआधी सुचू नये? असा माझा स्वभाव. आता या वयात तो कुठे बदलायचा.

एवढंच असतं तर मी फोन केला असता. तुझा नंबर मला पाठ आहे, तो कायमच होता. पण तुझ्या निरोपाच्या दिवशी काय झालं ते तुला माहीत नाही. साहेबांचं भाषण झालं, फोरमनकाका उठले आणि म्हणाले, ‘ही चालली म्हणजे ऑफिसचं डोकंच चाललं.’ अठरा वर्षं त्यांच्यासमोर बसणारी मी तिथेच उभी होते, हातात तुझ्यासाठी आणलेली फुलं घेऊन. पाच वाजता सगळे तुला गेटपर्यंत सोडायला गेले. मी जागेवर आले आणि यादीतून तुझं नाव काढून टाकलं. मला ते फक्त माझ्या डोळ्यांसमोर नको होतं. पण एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं. त्रेचाळीस फोनमधून तुझा नंबर एका क्षणात गेला. दुसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले तेव्हा परत टाकता आला असता. मी म्हटलं, तिने नंबर बदललेला दिसतोय, देईल नवीन. आणि मग गेल्या वर्षी काका लिफ्टच्या शाफ्टमध्ये घसरून पाय मोडून पडले. वॉर्डात आम्ही सगळे होतो, त्यांचा फोन सांभाळायला माझ्याकडे दिला होता. तो तीनदा वाजला. नाव नव्हतं, नुसता नंबर होता. काकांनी विचारलं, ‘कोण गं?’ मी म्हटलं, असतील कोणी विकायला बसलेले. त्यानंतर महिनाभर काका घोकत होते की सर्व्हरबाईने साधी चौकशी केली नाही. मी त्यांच्यासाठी सफरचंद कापत होते. मान वर केली नाही.

तर हे पत्र त्यासाठी. तुला इतके दिवस वाटत असेल की अकरा वर्षं ज्यांच्यासाठी खपले त्यांनी पाठ फिरताच विसरून टाकलं. कोणी विसरलेलं नाही. ते मी केलं. जुन्या सर्व्हरच्या बॅकअपमध्ये तुझी नोंद सापडली, हा पत्ताही त्यातलाच, आणि ती नोंद मी नव्या यादीत परत घातली आहे. सोमवारी नऊ वाजता त्रेचाळीस फोनमध्ये तुझं नाव उगवेल. त्याआधी, पावणेनऊला, मी सगळ्यांसमोर उभी राहून ते कसं गेलं होतं ते सांगणार आहे. काकांना समोर बसवून सांगणार. पण पहिल्यांदा तुला कळायला हवं होतं, म्हणून आज शुक्रवारी हे कुरियरने पाठवते आहे. काकांचा फोन आला की उचल, ते आधी ओरडतील, मग रडतील. गुरुवारची नोंद मी नव्या कॅलेंडरवर नेलेली नाही. यंत्रणा चालू असेल. मी मात्र गुरुवारी त्या खोलीत बसून दोन वाजता तुला फोन करीन. पहिल्यांदा उचलला नाहीस तर पुन्हा, आणि पुन्हा. तीनदाच करीन. चौथ्यांदा करायचा मला हक्क नाही.

अजूनही तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
पत्तेवाली