बिनमिठाच्या बटाट्यांची पुढील व्यवस्था

गेल्या सुटीच्या जेवणाला बस चालवणाऱ्या मुलीने आमच्या घराण्याच्या बटाट्यांवर मीठ भुरभुरले, त्या क्षणी माझे सगळे बदलले. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारा, या घरातला थोरला मुलगा, कॉलेज अर्धवट सोडलेला, बटाट्यांचा सध्याचा मालक, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे लिहून ठेवतो. डोके तापलेले आहे, हे नाकारत नाही. पण ते तापले की मला जास्त स्पष्ट दिसते. प्रकृती ठणठणीत आहे. दुपारी दोनदा जेवलो. तरीही मी आज संध्याकाळी मरणार आहे. त्याला इलाज नाही, कारण आमच्या घरात याहून कमी कारण चालत नाही.

कलम १. घरची रीत. घरच्यांना ही ठाऊक आहे, पण साक्षीदारांना तीन वेळा सांगूनही खरी वाटली नाही, म्हणून लेखी देतो. वर्षातल्या मोठ्या सुटीच्या जेवणातला प्रत्येक पदार्थ एकेका माणसाच्या मालकीचा आहे. कोबीचे सूप मधल्या काकांचे, भरलेला भोपळा आत्याचा, केक बाबांचा, भाजलेले बटाटे माझे. मालक मेल्यावरच पदार्थ पुढे जातो, तोही लेखी आणि रक्ताच्या नात्यात. नव्या मालकाने तो मयताने शेवटचा केला होता तसाच करायचा. आणि जिवंत मालकाने जेवणाला हजर राहायचे म्हणजे राहायचे. काकांचा पाय मोडला तेव्हा त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून वर आणले होते आणि सूप त्यांनी झाडूच्या दांड्याला डाव बांधून लांबून ढवळले होते. आजही त्याच दांड्याने ढवळतात. पाय केव्हाच बरा झाला.

केकचेही तसेच. आजीने शेवटचा केक ओव्हनमध्ये ठेवला आणि दारात शेजारणीशी बोलत उभी राहिली. केक करपला. पुढची सुटी यायच्या आत आजी गेली. तेव्हापासून बाबा केक आत ठेवतात, दारात जाऊन उभे राहतात आणि जळका वास आल्याशिवाय आत येत नाहीत. ती शेजारीण केव्हाच घर बदलून गेली. बाबा एकटेच बोलतात. मग तो कोळसा आम्ही डोळे मिटून खातो आणि आत्या म्हणते, "अगदी आईच्या हातचा!"

कलम २. बटाटे. हे मला आजोबांकडून मिळाले. डॉक्टरांनी त्यांचे मीठ बंद केले होते, म्हणून त्यांनी शेवटचे बटाटे अळणी केले. डॉक्टरांचा सल्ला आजोबांपुरता होता. आमच्या घरात तो पिढीजात झाला. मी ते बटाटे इमानाने अळणी करत आलो. वाईट लागतात हे मला कळतही नव्हते. घरातली गोष्ट आहे, तशीच लागायची असेल, असे वाटायचे.

कलम ३. बस चालवणारी मुलगी. मी कॉलेज सोडले असे घरात सगळे म्हणतात. वस्तुस्थिती अशी की मी कॉलेजच्या थांब्यावर उतरायचे सोडले. ती आरशातून मागे बघायची आणि मला वाटायचे, मलाच बघते. (ती सगळ्यांनाच बघते, तिचे ते कामच आहे. हे तिने नंतर सांगितले.) शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली की ती म्हणायची, "ए शेवटचा थांबा, उतर आता, मला गाडी वळवायचीय." मी म्हणायचो, "वळवा ना, मी परत येतोय." असे एक सत्र गेले. परीक्षेत मला विचारलेले काही येईना, पण वळणे सगळी पाठ होती.

गेल्या सुटीला मी तिला जेवायला आणले. तिने पहिला घास खाल्ला आणि साधेपणाने विचारले, "मीठ राहिलं का?" आणि हात लांब करून मिठाची बाटली घेतली. ती बाटली टेबलावर केवळ शोभेला असते.

आत्याच्या हातातला चमचा पडला. काका म्हणाले, "अरे, हिला सांगितलं नाहीस?" बाबा उठून दारात जाऊन उभे राहिले, केक आत नसताना. आणि आईने आपले ताट पुढे केले. "मलाही दे गं थोडं."

आईला त्याबद्दल पुढे कित्येक दिवस ऐकून घ्यावे लागले. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बटाटा खाल्ला. अरे देवा, बटाटा असा असतो?

कलम ४. मरणाचे कारण. या वर्षी मी तिला परत बोलावले. ती म्हणाली, "नको बाबा. तुमच्याकडे जेवायला बसलं की कोणीतरी गेल्यासारखं वाटतं. तू ये आमच्याकडे. मी आणि माझे वडील, दोघंच असतो. अंडी आणि पाव. बसची ड्युटी संपवून मी येईन, तेव्हा तू दारात असलास तर ठीक. नसलास तर मग बसमध्येसुद्धा बसू नकोस, पायी जा कुठे जायचं ते."

मी बाबांकडे सुटी मागितली. बाबा म्हणाले, "सुटीच्या दिवशी कसली सुटी?" मी आवाज चढवला. त्यांनी चढवला. मी दाराला लाथ मारली. (बिजागरी मी दुरुस्त करणार होतो, ते राहिले. वारसांनी बघावे.) शेवटी ते म्हणाले, "जिवंत असशील तर टेबलाशी दिसशील." ठीक आहे. तसे तर तसे.

कलम ५. वाटणी. माझी सायकल धाकट्या बहिणीला. घंटी वाजत नाही, तोंडाने ओरडावे लागते, ते तिला जमते. कॉलेजची पुस्तके गरम भांड्यांखाली ठेवायला. जाड आहेत, वापर झालेला नाही. माझी टेबलाजवळची खुर्ची काकांना, पाय वर ठेवायला, म्हणजे तो मोडल्याचे दुःख त्यांना नीट करता येईल. माझा राग बाबांना. तो मूळचा त्यांचाच आहे, मी फक्त परत करतो.

आत्याला मी काही देत नाही. "नोकरी करणारी पोरगी, तिला काय कळणार चव," असे ती भोपळा भरताना म्हणाली होती. तिने तो भोपळा एकदा स्वतः खाऊन बघावा. टेबलावर ती सगळ्यांना वाढते आणि आपले पोट भरले म्हणते. आम्ही सगळे बघतो, आत्या.

कलम ६. बटाटे, पुढे चालू. ही माझी एकमेव खरी मिळकत. ती मी आईला देतो.

हरकत येणार हे ठाऊक आहे. आई सासरी आलेली, या घराच्या रक्ताची नाही, म्हणून इतक्या वर्षांत तिच्या नावावर एकही पदार्थ झाला नाही. काकांचा कोबी ती चिरते, आत्याचा भोपळा ती कोरते, बाबांचे पीठ ती चाळते, आणि मालक मंडळी शेवटी येऊन ढवळतात. पण हे बटाटे आता आजोबांचे नाहीत, माझे आहेत. आणि माझ्या रक्ताची आईपेक्षा जवळची बाई कोणाला माहीत असेल तर त्याने आत्ताच पुढे यावे.

तसेच कळवतो की आज ट्रे ओव्हनमध्ये ठेवताना मी बटाट्यांना मीठ चोळले आहे. वर लसूण, मिरी आणि भरपूर लोणी. मयताने शेवटचे केले तसेच पुढे करायचे, हा नियम मी केलेला नाही.

कलम ७. अंमल. मी दार बाहेरून ओढून घेईन तेव्हा मला मेलेला समजावे. पुढे रस्त्यात कोणाला दिसलो तर ओळख द्यायला हरकत नाही.

सही: थोरला, बटाट्यांचा मालक

साक्षीदार: १. तळमजल्यावरचे चष्म्यांचे दुकानदार. (सही करताना म्हणाले, "मी फक्त अक्षर वाचता येतंय एवढ्याला साक्ष.") २. नळवाला. आमच्या सिंकखाली आडवा पडून सही केली. ("मरताय तर मरा, पण आधी पाणी बंद करा.")

ठिकाण: स्वयंपाकघर. तारीख: आजची, सुटीची, टेबल मांडून झाल्यावर.

पुरवणी. वरील मजकूर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. पुढे जे झाले ते नोंदवून ठेवणे भाग आहे.

वकिलाकडे टायपिंग करणारा चुलतभाऊ म्हणाला, "जिवंत माणसाच्या मृत्युपत्राला कायद्यात किंमत नसते." काका त्याच्यावर खेकसले, "घरात कायदा आणू नकोस!" मग ते कलम सहा दोनदा मागून घेऊन वाचत बसले. आत्या रडायला लागली. "पोरगा चांगला होता हो. तापट होता, पण मनाने चांगला होता." मी तिच्यासमोर उभा होतो. तिने माझ्याच खांद्यावर डोके ठेवून रडून घेतले. बहिणीने सायकलची किल्ली मागितली.

बाबा माझ्या पायांकडे बघत होते. "मेलेल्या माणसाला बूट कशाला?"

"बाहेर गार आहे."

"मफलर पण घे मग," ते म्हणाले आणि केकसाठी दारात जाऊन उभे राहिले. मला जायचे तर त्यांच्या अंगाला घासून जावे लागणार. ते हलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण बघतो तर आत्ता ते जरासे कडेला सरकलेत.

आईने ट्रे बाहेर काढला. तिने अजून कोणाला वाढलेले नाही. एका डब्यात बटाटे भरले, फडक्यात बांधले आणि माझ्या हातात दिले. "माझे आहेत ना आता? मग मी कोणालाही देईन. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि त्या मुलीचे वडील आधी जेवू देत, तू तुटून पडू नकोस."

उभ्याउभ्याच हे लिहितो आहे, डबा हाताला भाजतो आहे, आणि तिची ड्युटी संपत आली असणार.

"निघ," आई म्हणते. "आणि दार नीट ओढ, वारा येतो."

पेन इथेच ठेवतो. बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो.