सातवा खड्डा

साहेब,

बॉम्बच्या केसमधून कोर्टानं मला निर्दोष सोडलं, त्याला आठ वर्षं झाली. मी सुखात आहे, हे आधी सांगतो.

कोठडीत तिसऱ्या दिवशी तळव्यांवर तुमचा पट्टा बसला तेव्हा मी म्हणालो, "स्फोटकं काशीदला आमच्या वाडीत पुरलीत." पुरलं काहीच नव्हतं, मला फक्त मार थांबायला हवा होता. तुमच्या माणसांनी सहा खड्डे खणले, चांगले कमरेएवढे. माडाला असाच खड्डा लागतो. सुटल्यावर मी त्यांत मीठ आणि मासळीचं खत घालून रोपं लावली. यंदा सहाही माडांना नारळ धरले.

आमच्या घरची रीत आहे, नव्या माडाचा पहिला नारळ देवाला, दुसरा खड्डा खणणाऱ्याला. तुमचा बाजूला ठेवलाय. तो पाठवणार नाही, आणि हे पत्रही पाठवणार नाही.

कारण खड्डे सात होते. वाडीत काही सापडेना, तुम्ही पुन्हा पट्टा उचललात, आणि मी शेजारच्या गणराजचं अंगण सांगितलं. सातवा खड्डा तिथे खणलात, आणि त्यालाही नेलंत. आता तो माझ्याशी नीट बोलतो. दोनदा रोप घेऊन गेलो, तर म्हणाला, "राहू दे."

पावसाळ्यात तो खड्डा भरत येतो. दिवाळीआधी गणराज गाळ उपसून तो पुन्हा रिकामा करतो.

तुम्हाला हवं ते बोललेला,
सदानंद