तिसऱ्याचा इन्शुरन्स

२ मार्च
गाडी दारात आली. जुनी आहे, पण डिकी ऐसपैस. आता हॉस्पिटलच्या चादरी धुऊन मीच पोचवणार. हॉस्पिटलवाली बाई म्हणाली, रोज सकाळी माल वेळेवर हवा, खाडा झाला तर काम दुसऱ्याला. म्हटलं, बघाच.

इन्शुरन्सवाला आला. फुल करू की थर्ड पार्टी, म्हणाला. मी लगेच ओळखलं. गाडी माझ्या नावावर, म्हणजे फर्स्ट मी. सेकंड आमचे हे. थर्ड म्हणजे जो गाडी मागायला येईल तो. आम्ही काही गाडी ठोकत नाही. ठोकणार तो तिसरा. मग इन्शुरन्स त्याचाच नको का? फुल घेणारे येडे. हे मध्येच काहीतरी बोलायला लागले. म्हटलं, तुम्ही सेकंड आहात, गप्प बसा.

निश्चय: गाडी कुणाला द्यायची नाही. सख्ख्या भावालासुद्धा.

५ मार्च
धाकटा भाऊ आला. खोली बदलतोय, गाद्या न्यायच्यात. तोंडावर नाही म्हटलं. तर म्हणतो, ताई, काय चकचकीत गाडी ठेवलीयेस गं, तिच्या दारात बघून भांग पाडावा. खरं बोलतो पोरगा. दिली. पण याला देणं म्हणत नाहीत. तिसऱ्याचा इन्शुरन्स काढलाय, तो काय नुसता पडू द्यायचा?

तेवढ्यात नणंदेचा फोन. तिलाही गाडी हवी. समजावलं, आज तिसरा धाकटा आहे, तुम्ही चौथ्या, चौथ्याला इन्शुरन्स नसतो. म्हणाली, वहिनी, तुमच्या माहेरचा नंबर नेहमी आधीच लागतो. फोन आपटला. कायदा सांगितला की लोकांना राग येतो.

संध्याकाळी
गाडी आली. म्हणजे तिसरी जागा रिकामी. नणंदेला आपणहून फोन करून दिली. माझं मनच मोठं, त्याला मी काय करू.

७ मार्च
नणंदेने गाडीतून कुत्रं नेलं होतं. चादरींना केस. हॉस्पिटलवाली म्हणाली, पेशंट खाजवतायत. म्हटलं, पेशंट आहेत, खाजवणारच. ती हसली नाही. पुन्हा तक्रार आली तर काम बंद, म्हणाली.

निश्चय: आजपासून गाडी बंद. एकदम कडक.

१२ मार्च
धाकट्याला कपाट बघायला जायचंय. अर्ध्या तासात येतो म्हणाला. हे म्हणाले, अगं, सकाळी माल पोचवायचाय. यांना धीर म्हणून नाही. चावी दिली.

रात्री
गाडी खांबावर. धाकट्याच्या कपाळाला टेंगूळ, बाकी धडधाकट. मध्ये एक स्कूटरवाला आला, त्याला वाचवायला गाडी वळवली म्हणे. बॉनेट पार चेपलंय. पोरगा रडायला लागला. म्हटलं, रडतोस काय, तूच तर थर्ड! इन्शुरन्सवाल्याला फोन लावून ऐटीत सांगितलं, या, काम निघालंय.

१३ मार्च
इन्शुरन्सवाला येऊन गेला. म्हणतो, बाई, फर्स्ट तुम्ही, सेकंड आमची कंपनी, थर्ड म्हणजे ज्याला तुमची गाडी धडकते तो. विचारलं, मग आमचे हे कितवे? म्हणाला, ते कशातच नाहीत. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

पुढे म्हणतो, फुल असतं तर भावाने चालवली तरी गाडीचं मिळालं असतं. आता मिळेल ते फक्त खांबाचं. खांबाला मिळतं, मला नाही! स्कूटरवाल्याला लागलं असतं तर त्यालाही मिळालं असतं म्हणे. मी धाकट्याला झापलं, अरे मेल्या, ज्याचा इन्शुरन्स होता त्यालाच वाचवलंस? इन्शुरन्सवाला अर्धा कप चहा टाकून उठला. हल्ली माणसं चिडकी झालीत.

आजचा खाडा. हॉस्पिटलला कळवलं, गाडी सर्व्हिसिंगला आहे.

१४ मार्च
शेजारच्या सुताराकडे टेम्पो मागितला. म्हणाला, वहिनी, राग मानू नका, टेम्पो मी कुणाला देत नाही. असा कसा माणूस? माणुसकी उरलीच नाही. आजही खाडा. पण बाई मला ओळखते, सांभाळून घेईल.

१५ मार्च
चादरींची दोन गाठोडी घेऊन बसने गेले. कंडक्टरने गाठोड्यांचंही तिकीट फाडलं. मी उभी, गाठोडी माझ्या पायांवर, लोक गाठोड्यांवर.

बाईने चादरी मोजून घेतल्या. छान धुतल्यात म्हणाली. मग मी मळक्या मागितल्या. म्हणाली, त्या सकाळीच गेल्या, नवीन माणूस येऊन घेऊन गेला.

येताना हात रिकामे. त्यामुळे बसमध्ये लगेच सीट मिळाली, खिडकीची.