आसावरीच्या कानांवरचा रुमाल

टेमघर, मंगळवार संध्याकाळ

सून आसावरी बाळंतीण. त्यात थायरॉइडचा ग्रेव्हज आजार निघाला. हात थरथरतात, अंगाची लाही होते. तरी माझ्या नणंदेने बाळंतवारा लागेल म्हणून तिच्या कानांना रुमाल बांधलेला. डॉक्टरांनी गोळ्या, ऑपरेशन किंवा किरणोत्सारी आयोडीन सांगितलं. आयोडीन घेतलं तर अंगावरचं दूध बंद, बाळही काही दिवस लांब.

चिरंजीव म्हणाले, “आयोडीन घेऊन टाकू, एकदाचं मिटेल.”

घेऊन टाकू म्हणे. दूध काय हा पाजतो?

नणंद म्हणाली, “ऑपरेशन नको गं वहिनी, गळ्यावर व्रण दिसेल.”

आसावरीला कोण विचारणार? तिनेच रुमाल सोडला. “डॉक्टर म्हणालेत, गोळ्या घेऊन पाजता येतं. मी गोळ्याच घेणार.”

मग त्याच रुमालाने मानेवरचा घाम पुसला आणि तो नणंदेच्या हातात दिला. “आत्या, धुवायला टाका.”