आज काही वास नाही

२ फेब्रुवारी
आलो एकदाचा. वीस वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी हे घर बांधलं, कागदावर नाव माझंच, पण मला इथं राहायला कधी सवड झाली नाही. आता धंदा विकला, बिऱ्हाड गुंडाळलं. जेवताना म्हटलं, आता मला इथून चौघांनी उचलूनच न्यायचं. दोघंही हसले. भावजयीच्या हातातला चमचा मात्र मध्येच थांबला. माझे कान तिखट, असलं काही सुटत नाही. मनाला लावून घ्यायचं नाही, एवढंच.

मागची खोली माझ्या छंदाला मिळाली. बाटल्यांची झाकणं छोट्या भट्टीत मऊ करून त्यांच्या वाट्या, पेनदाण्या करायच्या.

४ फेब्रुवारी
प्लास्टिकच्या धुराशी मस्करी नको, म्हणून बंदोबस्त चोख. भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा, त्याचं बटण पॅसेजमध्ये. तोंडाला गाळणीचा मास्क. आच मंद. शिवाय प्रत्येक तुकड्याची परीक्षा: तांब्याची तार लाल करायची, तुकड्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा पाइपाच्या जातीचा, म्हणजे पीव्हीसी. तो फेकायचा. भट्टीत गेला तर आम्लाची वाफ निघते, फुप्फुसं आतून भाजतात.

अडचण एकच, मला वास येत नाही. तरुणपणी नऊ वर्षं आम्लाच्या टाक्यांवर काम केलं, नाक तिथंच ठेवून आलो. त्या पगारावर धाकटा शिकला. आज तो म्हणाला, दादा, तू बिनघोर काम कर, तुझं नाक मी. तुकड्यांची परीक्षा आणि मास्कच्या गाळण्याही तोच बघणार. डोळ्यांत पाणी आलं, तेही धूर नसताना.

११ फेब्रुवारी
पहिली वाटी जमली. जरा तिरळी आहे, पण माझी आहे. धाकटा रोज दुपारी दारात येतो, आज काही वास नाही म्हणून सांगतो आणि जातो. भावजय म्हणाली, मोठ्यांना म्हातारपणी खेळणी सुचली. खोटं कुठं आहे त्यात.

१७ फेब्रुवारी
घसा सोलवटलाय. जिना चढताना दोनदा बसलो. धाकटा म्हणतो, हवापालट झाली, मानवेल हळूहळू.

१९ फेब्रुवारी
कानाला एक खटकलं. दारात येण्याआधी धाकटा पॅसेजमध्ये छातीभर श्वास घेतो. आत येऊन तेवढंच वाक्य बोलतो. पुढचा श्वास बाहेर गेल्यावर. आज मुद्दाम ऐकलं. हुंगणारा माणूस श्वास आत ओढतो. हा या खोलीत ओढतच नाही.

२० फेब्रुवारी
तार मीच लाल केली. त्यानं पारखून दिलेल्या डब्यातले बारा तुकडे. बारा हिरव्या ज्योती. पाइप बारीक चिरून झाकणांच्या चुऱ्यात कालवलाय. मास्कची गाळणी उघडली. आत नुसता कापूस.

याचं बोट धरून मी शाळेत—

सकाळी विचारीन. एवढी संधी द्यायला हवी. भाऊ आहे.

२१ फेब्रुवारी, सकाळ
विचारलं. त्यानं माझ्याकडे बघत बघत दार ओढून घेतलं. बाहेरून कडी.
खिडकीला नवे स्क्रू. फोन परवा दुरुस्तीला नेला, तोही त्यानंच. ओरडायला गेलो, घशातून नुसती शीळ निघते.
पलीकडे चमचे वाजतायत. न्याहारी करतायत दोघं.

दुपार
भट्टी बंद आहे. हात लावून पाहिला, थंडगार. तरी डोळे जळतायत. छातीत—
पंख्याचा सूर बदललाय. कागदाची पट्टी धरली. पट्टी माझ्याकडे वळली. हवा आत येतेय.
भिंतीपलीकडे काहीतरी चुरचुरतंय. त्याचीही भट्टी—
पायांत जीव नाही. चादर कोंबायची होती पंख्यात, तिथवर पोचलो नाही—

पावलं. त्याचीच, लहानपणापासून ओळखतो.
दारापाशी थांबली.
छातीभर श्वास घेतला त्यानं. आता म्हणेल, दादा, आज काही—